अनुभव धागा: चित्र काढताना तुमचा हात कशामुळे मोकळा झाला?

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्हींत मला ए ग्रेड. स्थिरचित्रात तांब्याच्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या यायच्या, संकल्पचित्रातला रंग रेषेबाहेर तसूभरही जायचा नाही. चाळिशीत पुन्हा जलरंग सुरू करायचे म्हणून ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडजूड, कॉटन पेपर आणला आणि तो माहीमच्या घरात, कपाटात सात वर्षं पडून राहिला. 'चांगल्या चित्रासाठी' ठेवला होता. सरावाच्या साध्या कागदावरसुद्धा मी पेन्सिलने इतकं घोटायचे की रंग लावायची वेळ येईपर्यंत जीव दमून जायचा.

गेल्या पावसाळ्यात धीर करून पहिला कागद काढला. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात दिला, तर जागोजागी गडद ठिपके उमटले. टीपकागदासारखा रंग आत शोषला जात होता. जलरंगाच्या कागदाला सरसासारखा एक लेप दिलेला असतो, सायझिंग म्हणतात त्याला. दमट हवेत तो लेप हळूहळू मरतो. समुद्राजवळ सात पावसाळे काढलेला माझा सगळा गठ्ठा तसाच निघाला. मला रडू आलं.

पण त्या कागदात आता बिघडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मीठ टाकून पाहिलं. एरवी वॉशची चकाकी जाता जाता मीठ टाकलं की चांदण्या फुलतात, इथे काहीच झालं नाही. जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवले. ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडे काढले, त्यात रंग शिरून काळ्या रेघा उमटल्या. तिसऱ्या दिवशी त्या ठिपक्यांत मला आमच्या इमारतीची मागची भिंत दिसली, ओलीने पोपडे आलेली, शेवाळलेली. ती मी काढली. तांब्यानंतर इतक्या वर्षांनी मला माझं स्वतःचं वाटलेलं ते पहिलं चित्र.

तुमच्या बाबतीत हे कशाने झालं? कृपया सल्ले नकोत. कशावर काढलं, काय केलं, काय झालं, एवढंच लिहा.

बोरिवलीहून

माझं सगळं लोकलमध्ये झालं. बोरिवली ते चर्चगेट, लेडीज डबा, बॉलपेन आणि ऑफिसातले एका बाजूने कोरे कागद. खोडता येत नाही आणि समोरची बाई अंधेरीला उतरून जाते. आधी अर्धवट चेहऱ्यांची पानं मी उलटून टाकायचे. मग एकदा त्या रिकाम्या जागेवर जी येऊन बसली तिलाच त्याच चित्रात पुढे काढलं. आता एका पानावर अंबाडा एकीचा, चष्मा दुसरीचा आणि डबा धरलेले हात तिसरीचे असतात. परवा शेजारच्या मावशी बराच वेळ बघून म्हणाल्या, "ही आमच्या जाऊबाईच!"

गिरगावातून

मी ड्राफ्ट्समन होतो, एकतीस वर्षं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने अलगद खरवडायची, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही साहेबांना दिसायचा. तो हिशोब नोकरीत बरोबरच होता, मला त्याचा आजही अभिमान आहे. पण निवृत्तीनंतर बाणगंगा तलावाच्या पायऱ्यांवर बसलो की मी पायऱ्या मोजायला लागायचो आणि चित्र राहून जायचं.

एका मित्राने सांगितलं, कागदाकडे बघूच नकोस. डोळा दीपस्तंभाच्या कडेवरून मुंगीसारखा चालव, पेन उचलू नकोस. दहा मिनिटांनी खाली पाहिलं तर दीपस्तंभ पायऱ्यांत घुसलेला, बदकं देवळाएवढी. छातीत धस्स झालं. तरी एक इंची फ्लॅट ब्रशने वरून रंग मारला, रेघ कुठे का जाईना. तळ्याची ओल, दगडाची ऊब, सकाळचं ऊन, हे सगळं त्यात होतं. मोजून काढलेल्या एकाही चित्रात ते नव्हतं. अजून दर रविवारी जातो. पहिले दोन कागद न बघता, मग तिसरा बघून.

परळहून

माझ्या आजीची ठिपक्यांची रांगोळी आमच्या चाळीत नावाजलेली. हाताला कंप सुटला तसं तिने रांगोळीचं नावच सोडलं. दिवाळीत मी पोस्टर कलर आणि चिरलेली भेंडी तिच्यापुढे ठेवली, आपण शाळेत ठसे काढायचो तशी. भेंडीला कंपाने काही फरक पडत नाही, ठसा थोडा पसरतो इतकंच. मग कांदा, कारलं, कोबीचा गड्डा. आता भाजी चिरताना ती आधी काप उजेडात धरून बघते.

चेंबूरहून

मी चित्रकला शिकवते. वर्गात खोडरबर बंद केलं तेव्हा दोन मुलं रडली होती. आता आम्ही काचेच्या तुकड्यावर ॲक्रिलिक पसरतो, त्यावर वर्तमानपत्राचे फाडलेले कपटे दाबून उचलतो आणि उरलेल्या रंगावर कागद ठेवून ठसा घेतो. ॲक्रिलिक पटकन सुकतं, त्यामुळे घोटत बसायला वेळच मिळत नाही.

मात्र एक सांगावंसं वाटतं. खेळणं म्हणजे कसंही करणं नव्हे. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले, आणि पुढे रोलर, पॅलेट नाइफ, कागदाचे तुकडे यांनी रंग लावत, उचलत राहिले. रंग कुठे किती उरेल हे पूर्ण हातात नसलेली पद्धत ती. तरीही ते वर्षाला मोजकीच चित्रं करत, बाकीचा वेळ नुसतं बघत. मुलांनाही मी ठसा घेतल्यावर पाच मिनिटं गप्प बसून बघायला लावते. मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

मुलुंडहून

सगळ्यांचं वाचलं. मला अजून जमलेलं नाही. परवाच कान्हेरीचं चित्र फाडलं. चांगला कागद समोर आला की हात आखडतो.

धागाकर्ती

मुलुंडकर, माझ्याकडे त्या मेलेल्या कागदांतले नऊ उरलेत. शनिवारी क्लाससाठी दादरला येते. पुलावर भेटा, पाच तुम्हाला देते. चार मला हवेत.