मदत हवी आहे: जुनी जेट स्की फुल थ्रॉटलला बसते, पेट्रोल पुरत नाही

मंडळी, नव्वदच्या दशकातली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक जेट स्की मामेभावाने माझ्या गळ्यात मारली आहे. एरवी नऱ्ह्याच्या शेडमध्ये ट्रेलरवर असते, अधूनमधून पानशेतला नेतो. (परवानगीचं सगळं रीतसर आहे, त्यावर वेगळा धागा काढा.)

चोक दिला की लगेच सुरू होते. आयडलिंग झकास, अर्ध्या थ्रॉटलपर्यंत काही तक्रार नाही. पुढे दाबलं की क्षणभर जोर धरते आणि कोणी मागून दोर ओढावा तशी बसते. सोडून जरा थांबलं की पुन्हा तेच. बसायला लागली की चोक किंचित ओढायचा, लगेच उचलते. म्हणून म्हणतो पेट्रोलच कमी पडतंय.

प्लग नवे टाकले. जुने पांढरेफटक निघाले, त्यातही मागच्या सिलिंडरचा जास्त. कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखं आहे. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं, फिल्टरच्या वाटीत पाण्याचा थेंब नाही. आमच्या भागातल्या बुलेटच्या मिस्त्रीने कार्ब (कार्ब्युरेटर) उघडला आणि बराच वेळ फ्लोट शोधत बसला. याला फ्लोटच नसतो, पाण्यात उलटणारं यंत्र, सगळं डायफ्रामवर म्हणजे पातळ लवचिक पडद्यावर चालतं! भला माणूस, पैसे घेतले नाहीत.

पिस्टन सीझ होईल या भीतीने पळवणं बंद केलंय. आता पेट्रोलचा पंप बदलू की पूर्ण कार्ब?

प्रतिसाद १
दादा, दोन्ही थांबवा. तुमचा पंप बहुतेक कार्बलाच जोडलेला असेल. त्याला वीज लागत नाही, क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर तो चालतो. ते ठोके आणणारी पल्सची नळी आधी बघा. ती चिरली असेल किंवा क्लिप ढिली असेल तर आयडलपुरतं पेट्रोल येतं, फुलला येत नाही.

मग टाकीचं झाकण ढिलं करून चालवून बघा, पण शांत पाण्यात आणि तेवढ्यापुरतंच. फरक पडला तर टाकीत हवा घेणारा व्हॉल्व्ह अडकलाय, आत व्हॅक्यूम होतोय. नाही पडला तर पेट्रोल कॉक बायपास करून बघा.

टाकी ते पंप या ओढीच्या बाजूला नळी फाटली तर पेट्रोल गळतच असं नाही, ती उलट हवा ओढते. त्यामुळे खाली ओल नाही म्हणून निर्धास्त राहू नका. नळ्या करड्या रंगाच्या मूळच्याच आहेत का? असतील तर एक उभी चिरून आतून बघा.

ट्रेलरवर कोरडी रेटू नका, गार करणारं पाणी जेट पंपातून येतं. नळाचं पाणी जोडलंत तर आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी सिलिंडरमध्ये जाईल. आणि खरा लोड पाण्यातच येतो, शेडमध्ये हा दोष दिसणारच नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. शिवाय पेट्रोल पंपावर आता ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं आणि जुनं रबर मऊ करतं. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून दिलंत तर डायफ्रामचं काही खरं नाही.

धागाकर्ता
करड्याच आहेत! एक चिरली. आतल्या भिंतीला हिरवट चिकट थर, नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. मग कार्बच्या आतली बारीक जाळी काढली, टिकलीएवढी असेल, तीही त्याच हिरव्याने निम्मी बुजलेली. मागच्या कार्बची तर जवळजवळ बंद. पांढऱ्या प्लगचं कोडं तिथेच सुटलं. पल्सची नळी धडधाकट आहे.

दोन्ही कार्ब उघडून साफ करतोय, सगळ्या नळ्या बदलणार. नाना पेठेत दुचाकीची किटं ढिगाने आहेत, पण मिकुनी कंपनीच्या कार्बचा हा चौकोनी डायफ्राम दुकानदाराने उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. पाव इंची, इथेनॉल सोसणारी नळी मीटरवर कुठे मिळेल? भोसरीत कोणी ओळखीचं रबरवालं आहे का? निडल आणि सीटही (कार्बमध्ये पेट्रोल सोडणारी सुई आणि तिची बैठक) सोबतच बदलू की जुनी चालतील?

प्रतिसाद १
निडल-सीट बदलाच, कार्ब परत उघडायचा कंटाळा येतो. किट मूळ कंपनीचंच मागवा. स्वस्तातल्या किटचा डायफ्राम कडक असतो आणि पॉप-ऑफचा, म्हणजे निडल उघडण्याचा, दाब चुकतो. नळी घेताना तुकडा पेट्रोलच्या बाटलीत आठवडाभर बुडवून ठेवा, फुगली तर दुकानदाराला परत.