आई-बाबांसोबत कॅराव्हॅनने चार दिवस: पीक डिस्ट्रिक्ट जमेल का?

लेस्टरवासी:
आई-बाबा आलेत. लंडन झालं, दोन राजवाडे झाले, आता बाबा म्हणतात, "झुंबरं पुरे." मित्र त्याची कॅराव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, चार दिवसांसाठी देतोय. मी आजवर कधी ओढलेली नाही. बाबांची उभी हयात परळच्या गिरणीत गेली, जुन्या यंत्रांपुढे तासन् तास रमतात. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात त्यांना काय दाखवू?

उनाडमावशी:
मग क्रॉमफर्ड गाव चुकवूच नका! रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये तिथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. माझे सासरे सोलापूरचे, मागावर होते. फाटकाशी उभे राहून आधी भिंत न्याहाळली. म्हणाले, "रस्त्याकडे खाली खिडक्या का नाहीत गं? दंग्याची भीती असणार." आतल्या मार्गदर्शकाने तेच सांगितलं, सूत कातणारे लोक यंत्रं फोडायला येतील म्हणून! जवळच नॉर्थ स्ट्रीटला १७७६ ची कामगारांची घरं आहेत. वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांब रांग, मागाला उजेड हवा ना. तिथून त्यांना हलवायला आम्हाला चहाचं आमिष दाखवावं लागलं.

ईयम गावही करा. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग शिरला आणि गावाने स्वतःला कोंडून घेतलं. शिवेवरच्या दगडाला भोकं आहेत. रोग पसरू नये म्हणून गावकरी त्यांत व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे, बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. सासूबाईंनी भोकात बोट घालून पाहिलं. करोनात दाराबाहेर ठेवलेल्या पिशव्या आठवल्या म्हणे.

चॅट्सवर्थचा राजवाड्यासारखा वाडा? भव्य आहे, पण तुमच्याकडे झुंबरं पुरे झालीत.

मुक्कामाला शेतावरची पाच कॅराव्हॅनची छोटी जागा बघा. बऱ्याच ठिकाणी संडास नसतात, म्हणजे कॅराव्हॅनमधल्या संडासाची टाकी आपणच रिकामी करायची. पाण्याचा पिंप नळापासून लोळवत आणायचा. हे काम बाबांना देऊ नका, आमच्याकडे त्यावरून अबोला झाला होता.

गिअरबॉक्स:
परवान्याची काळजी नको. ब्रिटिश कार परवाना असेल तर डिसेंबर २०२१ पासून वेगळी परीक्षा लागत नाही, ३,५०० किलोपर्यंत ओढता येतं. तुमची गाडी किती ओढू शकते ते मात्र तिच्या पुस्तकात बघाच. मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर जास्तीत जास्त ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०, आणि तीन लेन असतील तर उजवीकडची आपली नाही. जड सामान चाकांच्या वर ठेवा. मागे भरलंत तर कॅराव्हॅन शेपटी हलवायला लागते, मी एकदाच अनुभवलंय, पुरे. आणि कॅसलटनजवळच्या विनॅट्स पासच्या घाटात कॅराव्हॅन घेऊन जाऊ नका. चढ भयंकर आहे. ती मुक्कामी सोडून नुसती कार न्या.

लेस्टरवासी:
मावशी, बाबांना क्रॉमफर्डचं सांगितलं. एकच प्रश्न आला, "रात्रपाळी होती का?"

उनाडमावशी:
होती की. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या.