कोल्हापूरच्या लीगमधून तालमी काढा म्हणणाऱ्यांना

बालेवाडीकर
केएसए लीगचं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या फुटबॉल लीगचं कौतुक आता पुरे. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ, सामना संपला की हुल्लडबाजी, मग पोलीस बंदोबस्त. एवढ्या वर्षांत देशपातळीवर नाव घ्यावं असे खेळाडू किती निघाले? संघांना तालमींची नावं आहेत तोवर हे असंच चालणार. कंपन्यांना संघ घेऊ द्या, नाहीतर ही लीग जिल्ह्याच्या वेशीबाहेर पडत नाही.

जुना बॅक
दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. कंपन्यांचं आम्हाला सांगू नका, मुंबईकडं बघा. तिथली रोव्हर्स कप स्पर्धा 1891 ची, हारवूड लीग 1902 ची. मफतलाल, टाटा, बँकांचे संघ, एअर इंडिया, सगळा कंपन्यांचाच खेळ. नवं शतक उजाडता उजाडता रोव्हर्स बंद पडला. महिंद्रानं 2006 ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 ला संघच गुंडाळला. कुठल्या गल्लीनं रस्ता अडवला? संघ साहेबांचा होता, त्यांनी ठरवलं, संपला. पाटाकडील तालमीचा संघ असा एका सहीत बंद करून दाखवा. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, कुठलीही घ्या. तिथं आधी तांबड्या मातीचा आखाडा होता, फुटबॉल मागनं आला. गणपती तिथंच बसतो, पेठेत कुणी गेलं की माणसं तालमीच्याच दारात जमतात. माझा थोरला भाऊ खालच्या गटात खेळायचा. बुटाला पैसे नव्हते, ते तालमीतल्या चौघांनी वर्गणी काढून दिले. कंपनीनं दिले असते?

गॅलरीतला
भावा, तुला दगड लागलाय का कधी? मला लागलाय. शाहू स्टेडियमवर लेकीला घेऊन गेलो होतो, सात वर्षांची. सामना बरोबरीत सुटला आणि वरनं दगड आला. चार टाके. कुठल्या पेठेचा होता ते मला माहीत आहे, सांगणार नाही. लेक त्यानंतर मैदानात आलेली नाही. दारात जमणारी तुझी माणसं त्या दिवशी कुठं होती?

सहा नंबर
दगड, कंपन्या सगळं बाजूला ठेवा. खरी कीड बाहेरून आणलेल्या खेळाडूंची आहे. माझा भाचा दोन हंगाम बाकावर बसला. पहाटे पाचला सरावाला जायचा. आणि मैदानात उतरला कोण? आदल्या आठवड्यात आलेला पाहुणा, ज्याला पेठेतली एक गल्ली ठाऊक नाही. वर्गणी आमची, मानधन त्याला. भाच्यानं बूट माळ्यावर टाकले, आता डिलिव्हरीचं काम करतो.

टच लाईन
चांगला खेळत असता तर बसवला नसता. आफ्रिकेची पोरं आली तेव्हा कुठं आमच्या बचावफळीला वेग म्हणजे काय ते कळलं. त्याआधी उंच चेंडू मारायचा आणि पळायचं, एवढाच खेळ होता.

सहा नंबर
तू त्याला खेळताना बघितलायस? नाही ना? मग त्याच्यावर बोलू नकोस. कोलकात्याची लीग 1898 ची. तिथं 2023 पासून परदेशी खेळाडू नाहीत, 2024 पासून बंगालची ठरावीक पोरं मैदानात हवीतच असा नियम केला. ते काय खुळे आहेत?

टच लाईन
कोलकात्याला मोहन बागान, ईस्ट बंगालसारखे मोठे क्लब आहेत. तिथला नियम इथं चिकटवू नका. पाहुणे बंद केले की तिसऱ्या सामन्याला गॅलरी रिकामी पडेल.

जुना बॅक
गॅलरी पाहुण्यांमुळं भरत नाही रे, पेठेमुळं भरते! सोळा संघांची सीनियर लीग आहे. तळातल्या दोघांचा सामना असला तरी त्यांची माणसं येतात.
@गॅलरीतला, तुझ्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. त्याला उत्तर नाही माझ्याकडं. दगड मारणाऱ्याला तालमीनं स्वतः पुढं होऊन पोलिसांत द्यायला पाहिजे. आम्ही देत नाही, लपवतो. हे खरं आहे.

बालेवाडीकर
महिंद्राचं मान्य, कंपनी उद्या निघून जाऊ शकते. पण माझा प्रश्न तसाच राहिला. अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, कोल्हापूरनं फलक लावले. त्याला घडवलं मात्र पुण्यात. लहान वयातच तिकडं गेला म्हणून तिथवर पोहोचला. इथं राहिला असता तर त्याच्याही जागी पाहुणा उतरला असता. तुमच्या तालमीला पंधरा वर्षांखालचा संघ आहे? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

जुना बॅक
नाही.
पाहुण्यांवर जातो त्यातला निम्मा पैसा पोरांवर गेला असता तर असता, हे सहा नंबरचं म्हणणं म्हणून मला पटतं. पण संघ काढायचाय तर तो तालमीच्याच नावानं काढू. नाव पुसून नाही.

सहा नंबर
काढा की मग. मैदान मिळत असेल तर भाच्याला पहाटे पोरांना शिकवायला पाठवतो. अजून पळतोय तो.