छत बदलायच्या आधी ड्रेन बघा

तुम्ही म्हणताय पाऊस झाला की सीटमागचं कार्पेट ओलं होतं आणि गॅरेजवाला नवीन छत टाका म्हणतोय, तर जरा थांबा, एवढा खर्च लगेच करू नका. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये, म्हणजे घडीच्या कापडी छताच्या त्या दोन सीटच्या गाडीत (१९८९ ते ९७), छतावरून ओघळलेलं पाणी मागच्या रेनरेलमध्ये, म्हणजे छताच्या मागच्या कडेखालच्या पन्हळीत, जमतं आणि दोन्ही सीटबेल्टच्या मागे एकेक ड्रेन असतो तिथून खाली जातं. जुन्या गाडीत तिथे सडका पाला आणि काळा चिखल हमखास अडकलेला असतो. छत अर्धं उघडा, कोपऱ्यात मगभर पाणी हळूहळू ओता, मागच्या चाकाच्या जरा पुढे गाडीखाली धार दिसली तर ठीक, नाही दिसली तर ड्रेन तुंबलाय. मऊ प्लॅस्टिकची जाड दोरी, ती गवत कापायच्या मशीनची असते ना, तीच घाला, पण तार किंवा कंप्रेसरची हवा अजिबात नको, आतली नळी फाटते नाहीतर निसटते आणि मग पाणी थेट सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात. हे दुर्लक्ष करू नका हो, या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, सिल आतून गंजून मरतात, आणि इंग्लंडात एमओटीला, म्हणजे तिथल्या सक्तीच्या वार्षिक गाडी तपासणीला, तिथेच नापास होतात. ड्रेन साफ असूनही ओलं होत असेल तरच काचेवरची रबरं आणि छताची शिवण बघा. आणि छत खाली करताना मागच्या प्लॅस्टिक खिडकीची चेन आधी उघडा, थंडीत तर नक्कीच, नाहीतर घडीवर तडा जातो.