मदत हवी आहे: देवनागरी पान सुलटं की उलटं, हे टेसरॅक्टला कसं कळवायचं?

नमस्कार मंडळी,

गावच्या वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. चित्रातला मजकूर ओळखायला टेसरॅक्ट ५ हा प्रोग्राम वापरतोय आणि सरळ पानांवर निकाल चांगला येतो. अडचण फिरलेल्या पानांची आहे. बांधणी उसवू नये म्हणून अंक कधी आडवा, कधी उलटा ठेवावा लागतो. मोबाइलच्या फोटोंमधली एक्झिफ नोंद (फोटो कुठल्या बाजूने धरून काढला ते सांगणारी) आधीच लावून घेतली आहे, तो प्रश्न नाही.

पीएसएम ० (टेसरॅक्टची फक्त दिशा आणि लिपी ओळखण्याची सेटिंग) देऊन दिशा विचारली तर इंग्रजी पानं बिनचूक येतात. मराठी पान १८० अंशांत उलटं असलं की मात्र बरेचदा ‘सरळ’ म्हणून सांगतं. मला वाटतं कारण शिरोरेषेत आहे. दिशा ओळखताना शाईचा एकेक सुटा ठिपका चारही बाजूंनी फिरवून पाहिला जातो. रोमन अक्षरं सुटी असतात, आपला अख्खा शब्द शिरोरेषेने एकसंध होतो. लेप्टोनिका या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीची पद्धत ओळीच्या वर आणि खाली जाणाऱ्या रोमन अक्षरांच्या तुलनेवर चालते, तीही इथे कामाची नाही.

म्हणून शिरोरेषेचाच उपयोग करून पाहतोय. पानाचा तिरपेपणा आधी नीट काढायचा (जरा तिरपं राहिलं तरी पुढच्या मोजणीतलं शिखर सपाट होतं), मग प्रत्येक आडव्या रांगेतले काळे पिक्सेल मोजायचे. ओळीतलं सर्वांत उंच शिखर म्हणजे शिरोरेषा. तिच्याखाली अक्षरांची दाट शाई आणि वर फक्त वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार असतील तर पान सुलटं. सलग गद्याच्या पानावर हे छान चालतं.

पण दोन स्तंभांच्या पानात ओळी एका पातळीत नसल्या की शिखरं एकमेकांत मिसळतात. कोष्टकाची आडवी रेघ तर शिरोरेषेपेक्षाही उंच शिखर देते. ती रेघ लांबीवरून पुसायला गेलो, तर मोठ्या मथळ्यांच्या शिरोरेषाही पुसल्या जातात. खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा जागोजागी तुटलेली असते, ते वेगळंच.

चारही दिशांनी पान वाचून ज्याचा विश्वासांक (वाचन किती खात्रीचं ते सांगणारा आकडा) जास्त ते घ्यायचं, हा उपाय माहीत आहे. पण वेळ चौपट लागतो आणि वाचनालयाचा संगणक जुना आहे.

स्तंभ आधी वेगळे करायला कोणती पद्धत टिकते? कोष्टकाच्या रेघा शिरोरेषा न दुखावता कशा काढाव्यात? की सरळ पानं चार दिशांनी फिरवून एखादं छोटं मॉडेल शिकवणं सोपं पडेल? देवनागरीवर कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा. नमुन्याची पानं लगेच देतो.