मियाटाचा इनटेक मॅनिफोल्ड बदलतोय: थ्रॉटल बॉडीच्या कुलंट नळ्यांचं काय करू?

बॉनेट_उघडं (ट्रॉय, मिशिगन)

नमस्कार मंडळी. गाडी 1999 ची मझदा मियाटा, 1.8 लिटर, टर्बो नाही. मूळ इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचा संच) काढून बाहेरच्या कंपनीचा मोठ्या नळ्यांचा बसवतोय. सोबत मोठी थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमीजास्त करणारा झडपेचा भाग) आहे, पण तिला कुलंटच्या पाण्याची नळी जोडायचे निपलच नाहीत. त्यामुळे दोन बारीक होज मोकळे लोंबतायत. एक पुढच्या थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) घराकडून येतो, दुसरा मॅनिफोल्डखालच्या लोखंडी पाइपला जातो. दोन्ही ब्लँक करू की एकमेकांना जोडू?

दुसरं म्हणजे, मॅनिफोल्ड निघाल्यावर इंजिनच्या हेडच्या (सिलिंडरांवरचा भाग) मागच्या बाजूला हात पोचतोय. इकडचे लोक थर्मोस्टॅट मागे नेतात, तेही आत्ताच करून टाकावं का? गाडी रोज ऑफिसला नेतो, हिवाळ्यातसुद्धा. उन्हाळ्यात अधूनमधून ट्रॅकवर.

वेग_मेलबर्न

दोन्ही टोकांना रबरी बूच आणि क्लिप, विषय संपला. थ्रॉटल बॉडी गार राहते, हवा गार जाते, ताकद वाढते. इकडे सगळे हेच करतात.

जुना_फिटर (लंडन, ओंटारिओ)

बूच मारू नका. कारण सांगतो, मग तुम्ही ठरवा.

आधी ताकदीचं बघू. 1.8 लिटरचं इंजिन 3000 आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला साधारण 40 ते 45 लिटर हवा ओढतं. एवढी हवा 55-60 मिलिमीटरच्या घशातून जाताना आत सेकंदाचा दोनशेवा भागसुद्धा राहत नाही. तेवढ्यात ती काय तापणार? पाणी तिथे नेलेलं असतं ते थंड, दमट हवेत बटरफ्लायवर (थ्रॉटलच्या झडपेवर) बर्फ धरू नये आणि आयडल वेळेत स्थिरावा म्हणून. मेलबर्नला त्याची गरज भासत नसेल, मिशिगनला भासते. तुमच्या नव्या बॉडीला निपलच नाहीत, तर त्याला इलाज नाही. दमट थंडीत थ्रॉटल अडकल्यासारखा वाटला तर पहिला संशय बर्फाचा घ्या.

आता नळ्या. कुठलाही होज कापण्याआधी प्रत्येक निपलपाशी एकच विचारायचं: ही दाबाची बाजू की पंपाच्या ओढीची? तुमचा पुढून येणारा होज दाबाच्या बाजूचा आहे. खालचा लोखंडी पाइप पंपाच्या तोंडाशी जातो, म्हणजे ओढीची बाजू. ही दोन टोकं जोडली की पाणी पूर्वीसारखंच फिरत राहतं. बूच मारलं की ते थांबतं, आणि पंचवीस वर्षं जुन्या निपलवर कायमचा दाब घेऊन बसलेलं रबरी बूच एक दिवस हायवेवर सुटतं. 8 मिलिमीटरचा एकच अखंड होज घ्या. मध्ये जोड नको. वळण मोठं ठेवा, पिचला तर जोडून उपयोग नाही.

मागच्या थर्मोस्टॅटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक फक्त किटचं नाव सांगतात. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांच्या फॅमिलिया-323 साठी आडवं बसवायला आखलेलं. तिथे पंप एका टोकाला आणि पाणी बाहेर पडायची वाट हेडच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पाणी चारही सिलिंडरवरून जाणार. मियाटात तेच इंजिन उभं बसवलं. मागे फायरवॉल, म्हणून वाट पुढेच काढली. परिणाम असा की बरंच पाणी पहिल्या सिलिंडरजवळूनच रेडिएटरकडे पळतं आणि चौथ्याला मुख्यतः हीटरच्या वाटेने जाईल तेवढंच मिळतं. 2001 पासून मझदाने हेड पॅकिंगमधली भोकं बदलून पाणी मागे ढकललं. तुमची त्याच्या आधीची आहे.

फक्त ऑफिसला जाणार असाल तर मी म्हणेन राहू द्या, मझदाने या गाड्या अशाच विकल्या आणि त्या लाखो मैल चालल्या. पण तुम्ही ट्रॅक म्हणताय आणि मॅनिफोल्ड निघालेलाच आहे. मग करा. मागचे बोल्ट पुन्हा इतके सहज मिळणार नाहीत.

करताना एक गोष्ट काटेकोर पाळा. हीटरचा होज थर्मोस्टॅटच्या अलीकडून, म्हणजे हेडच्या बाजूने निघाला पाहिजे. मियाटाच्या हीटरला पाण्याचा व्हॉल्व्ह नाही, पाणी त्यातून सतत फिरतं. इंजिन थंड असताना तीच मुख्य वाट असते. हीटर थर्मोस्टॅटच्या पलीकडे गेला तर बंद थर्मोस्टॅटमागे पाणी उभं राहील, थर्मोस्टॅट उघडणारं आतलं मेण उशिरा तापेल, आणि जानेवारीत पाय गारठतील. तापमानाचा सेन्सरही अलीकडेच हवा.

पुढचं तोंड बंद करताना बारीक नळीचा निपल असलेली प्लेट घ्या आणि वर सांगितलेला 8 मिलिमीटरचा होज (लूप) तिलाच जोडा. पुढच्या कोपऱ्यात पाणी साचत नाही, हवाही निघून जाते. ते पाणी रेडिएटरकडे न जाता पंपाकडे जातं, त्यामुळे इंजिन गार पडत नाही. जंकयार्डमध्ये 90 च्या दशकातली किया स्पोर्टेज दिसली तर तिचा वॉटर नेक (हेडमधून पाणी बाहेर नेणारं तोंड) पाहा. तिचं इंजिनही मझदाच्याच घराण्यातलं, बरेच जण तोच मागे वापरतात.

आणि डॅशवरच्या तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. तो बऱ्याच तापमानापर्यंत मध्येच उभा राहतो. ओबीडीवर (गाडीच्या संगणकाला रीडर लावायचं सॉकेट) आकडा वाचा.

लेथ_शेजारी (कोल्हापूर)

फिटरकाकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त होजबद्दल बोलतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत हाच घोळ दिसतो. 8 मिलिमीटर म्हटलं की दुकानदार पेट्रोलचा पाइप देतो. तो नायट्राइल रबरचा असतो, गरम ग्लायकॉलच्या पाण्यात कडक होऊन तडकतो. कुलंटला ईपीडीएमचाच घ्या. उलट ईपीडीएम पेट्रोलला लावला तर फुगतो, म्हणून उरलेला तुकडा फ्युएल लाइनला अजिबात वापरू नका. नळ-फिटिंगच्या दुकानातले जस्ती जोडही ॲल्युमिनियमजवळ नकोत, गंजतात. आणि ऑइल फिल्टरजवळच्या ऑइल कूलरचे दोन छोटे होज मॅनिफोल्डखालीच आहेत. तेही आत्ताच बदला.

बॉनेट_उघडं

काका, मनापासून आभार. लूप करतो आणि थर्मोस्टॅटही मागे नेतो. स्पोर्टेज शोधायला शनिवारी जंकयार्डला जाईन. हवा कशी काढू? कुलंट किती दाट ठेवू?

जुना_फिटर

उताराच्या रस्त्यावर पुढचं चाक वर येईल अशी लावा. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा, हीटर पूर्ण गरमवर, मग चालू करा. होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. आत गरम वारा आला की हीटरमधली हवा गेली. थर्मोस्टॅटला हवेचं भोक असेल तर बसवताना ते वरच्या अंगाला ठेवा.

कुलंट अर्धं, डिस्टिल्ड पाणी अर्धं. ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त दाट म्हणजे जास्त चांगलं असं नाही, निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे 13 लाच गोठतं. सांडलेलं लगेच धुवा, चव गोड असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्यानेही मरतात.

पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण गार होऊ द्या, पातळी पुन्हा बघा आणि मागच्या नेकखाली कोरडा कागद फिरवा. ओबीडीचे आकडे आयडलला आणि हायवेला किती येतात ते इथे लिहा.