अंगात लोह कमी असेल तर डासाला डेंग्यू जास्त लागतो का?

कोरा_चहा: हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला डेंग्यू झाला, तर तिला चावलेला डास जास्त धोक्याचा ठरतो का? तसं असेल तर तापातच लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात? आणि साखरवाल्यांचं काय?

लॅबकट्टा: प्रयोगशाळेत तरी तसं दिसलंय. २०१९ साली 'नेचर मायक्रोबायोलॉजी'त आलेल्या कामात निरोगी लोकांच्या रक्तात विषाणू मिसळून ते एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या माद्यांना पाजलं. ज्या रक्तात लोह कमी, ते पिऊन जास्त माद्यांना लागण झाली. लोह घातलं की घटली. रक्तातलं लोह डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरतं, तिथे ऑक्सिजनचे जहाल रेणू वाढतात आणि विषाणू तिथेच अडतो.

पण हिमोग्लोबिन म्हणजे सीरम आयर्न, म्हणजे रक्तद्रवातलं लोह, नव्हे! थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिन ८ असूनही लोह भरपूर असू शकतं. फेरिटिनवरही (लोहाच्या साठ्याची तपासणी) जाऊ नका, डेंग्यूत ते चढतंच.

सुरंगी: साखरेचं गणित उलटसुलट आहे. रक्तासोबत इन्सुलिन मिळालं की डासाची स्वतःची विषाणूविरोधी यंत्रणा जागी होते, हे क्युलेक्स ही डासाची दुसरी जात आणि डेंग्यूच्याच कुळातला वेस्ट नाईल विषाणू यांच्यावर दिसलंय. मात्र मधुमेही उंदरांच्या रक्तात तोच विषाणू जास्त प्रमाणात आणि जास्त दिवस राहतो. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं.

कोरा_चहा: मग गोळ्यांचं?

पिंपावर_झाकण: तापात नवीन सुरू करू नका. लोहाने शौच काळं होतं, आणि डेंग्यूत काळं शौच म्हणजे आतल्या रक्तस्रावाची खूण. डॉक्टर चकतो. आधीपासून चालू असतील तर निदान त्यांना सांगा.

दुसरी गफलत हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के त्या आकड्याची. एरवी ३० असणाऱ्या बाईचं ३६ झालं, तर रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं. प्रत्यक्षात २० टक्के चढलंय, म्हणजे रक्तद्रव झिरपतोय. जुना रिपोर्ट सोबत न्या.

डासाचं म्हणाल, तर एडिस दिवसा चावतो, म्हणून रुग्णाला मच्छरदाणी दुपारीही हवी, ताप असेपर्यंत आणि उतरल्यावर दोनेक दिवस. रक्त प्यायलेली मादी साधारण ८ ते १२ दिवसांनी विषाणू पसरवू लागते, मग मरेपर्यंत. डास साठवलेल्या पाण्यात वाढतात, पण पाण्याचं पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही. आतली कड काथ्याने घासा, अंडी तिथे चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात.